क्लूनीचे चर्च आणि मृतांच्या नावाचे ताट



नोव्हेंबर जवळ आला की आपल्या दफनभूमीत खुरपी, झाडू आणि चुन्याची बादली दिसू लागते. कबरींवरचे गवत निघते, क्रूस धुतले जातात, झेंडूच्या माळा आणि मेणबत्त्या येतात. २ नोव्हेंबरला मिस्सा झाली की फादर पवित्र पाणी शिंपडत कबरींमधून फिरतात आणि आपण आपापल्या माणसांच्या नावापाशी उभे राहतो. धर्मशिक्षणाच्या वर्गात या दिवसांत एखादे मूल हमखास विचारते, "२ नोव्हेंबरच का? ही तारीख बायबलमध्ये आहे का?"

तारीख बायबलमध्ये नाही. मृतांसाठी प्रार्थना करण्याची रीत मात्र फार जुनी आहे. मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथाच्या १२व्या अध्यायात यहूदा मक्काबी लढाईत पडलेल्या आपल्या माणसांसाठी वर्गणी गोळा करतो आणि पापार्पणासाठी ती यरुशलेमला पाठवतो. पहिल्या शतकांतले ख्रिस्ती लोकही आपल्या मृतांच्या कबरींपाशी प्रार्थनेला जमत. संत मोनिकाने मरणशय्येवर मुलाकडे, म्हणजे संत ऑगस्टीनकडे, मागितले ते एवढेच की प्रभूच्या वेदीपाशी आपली आठवण व्हावी. पण सगळ्या मृतांसाठी मिळून वर्षातला एक दिवस, आणि तोही २ नोव्हेंबर, ही आपल्याला मिळालेली देणगी फ्रान्समधल्या एका मठाची आहे. त्या मठाचे नाव क्लूनी.

याच मठाने पुढे अख्ख्या ख्रिस्ती जगातले सर्वात मोठे चर्च बांधले. त्या चर्चचा आज दहावा हिस्सासुद्धा उभा नाही. दिवस मात्र जगाच्या कानाकोपऱ्यात पाळला जातो. या दोन्ही गोष्टी एकत्र वाचल्या, तर दफनभूमीतल्या आपल्या त्या संध्याकाळविषयी काहीतरी शिकायला मिळते. म्हणून यंदा नोव्हेंबरच्या तोंडावर क्लूनीची ही हकीकत.

ड्यूकचे दानपत्र

बर्गंडी हा फ्रान्सच्या पूर्व भागातला प्रांत. द्राक्षमळ्यांचा, लहान टेकड्यांचा. तिथे ग्रोन नावाच्या छोट्या नदीच्या खोऱ्यात क्लूनी हे गाव आहे. ९१० साली अक्विटेनचा ड्यूक विल्यम याने इथली आपली जमीन मठासाठी दिली. बर्नो हे पहिले मठाधिपती झाले. अशी आख्यायिका सांगतात की ड्यूकने बर्नोंना हवी ती जागा निवडायला सांगितली आणि त्यांनी नेमकी क्लूनी मागितली. ती ड्यूकच्या आवडत्या शिकारीची जागा. तिथे त्याचे कुत्रे पाळलेले. तो जरा कचरला. तेव्हा बर्नोंनी त्याला विचारले म्हणे, की शेवटच्या दिवशी तुमच्या बाजूने कोण बोलेल, कुत्रे की मठवासी?

दानपत्र मात्र आख्यायिका नव्हे. ते आजही जपून ठेवलेले आहे. त्यात ड्यूकने शेते, द्राक्षमळे, जंगले, पाणी आणि पाणचक्क्या दिल्या. त्या जमिनीला बांधलेली कुळे, बायामाणसेसुद्धा दिली. त्या काळाची ही काळी बाजू झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पण याच दानपत्रात एक मोठी नवी गोष्ट होती. ही मालमत्ता ड्यूकने संत पेत्र आणि संत पौल यांच्या नावे केली आणि लिहून दिले की यापुढे त्याच्या घराण्यातल्या कोणाचा, राजाचा, बिशपांचा, इतकेच काय खुद्द पोपचाही या मालमत्तेवर हात पडता कामा नये. मठाधिपती मठवासींनीच निवडावा. रोमला दर पाच वर्षांनी दिव्यांच्या खर्चासाठी दहा नाणी पाठवावीत, बस्स.

त्या काळात याचे महत्त्व काय होते, ते लक्षात घेतले पाहिजे. सरदार लोक मठ बांधत आणि मग वतनासारखे वापरत. आपल्या धाकट्या मुलाला किंवा मर्जीतल्या माणसाला मठाधिपती नेमत, उत्पन्न खात. प्रार्थना बाजूला पडे. क्लूनीला सुरुवातीपासूनच या जाचातून सूट मिळाली आणि म्हणून तिथे संत बेनेडिक्टचा नियम नेटाने पाळला गेला. हळूहळू इतर मठही क्लूनीच्या शिस्तीखाली आले. १२व्या शतकापर्यंत अशा मठांची संख्या हजारावर गेली होती.

ड्यूकने मोबदल्यात काय मागितले? स्वतःच्या, पत्नी इंगेलबर्गाच्या, आईवडिलांच्या आणि आप्तांच्या आत्म्यांसाठी प्रार्थना. आणि त्याच दानपत्रात दुसरी अट: गरीब, गरजू, परके आणि यात्रेकरू यांच्यासाठी दयेची कामे इथे रोज व्हावीत. मृतांसाठी प्रार्थना आणि जिवंत गरिबाला आधार, या दोन्ही गोष्टी क्लूनीत पहिल्या दिवसापासून एकाच कागदावर होत्या. पुढचे सगळे समजायला हे ध्यानात ठेवावे.

संत ओडिलो आणि २ नोव्हेंबर

क्लूनीचे नशीब असे की पहिल्या दोनशे वर्षांत तिला फार मोठ्या योग्यतेचे मठाधिपती मिळाले आणि त्यांतले काही दीर्घायुषीही होते. संत ओडिलो ९९४ पासून १०४९ पर्यंत, म्हणजे तब्बल ५५ वर्षे, या पदावर होते. दुष्काळात त्यांनी उपाशी लोकांसाठी चर्चची मौल्यवान भांडी मोडून पैसा उभा केला, असे त्यांच्याविषयी सांगतात.

सकल संतांचा सण १ नोव्हेंबरला आधीपासून होताच. ओडिलोंनी आपल्या सगळ्या मठांना आज्ञा केली की त्याच संध्याकाळी घंटा वाजवून मृतांसाठी प्रार्थना सुरू करावी आणि दुसऱ्या दिवशी, २ नोव्हेंबरला, आरंभापासून अंतापर्यंतच्या सर्व मृत भाविकांसाठी मिस्सा अर्पण करावी. काहीजण या आज्ञेचे साल ९९८ मानतात, काहीजण १०३०च्या सुमाराचे. याबद्दलही एक कथा आहे. यरुशलेमहून परतणारा एक यात्रेकरू वादळाने एका बेटावर जाऊन पडला. तिथल्या एकांतवासी साधूने त्याला सांगितले की क्लूनीच्या मठवासींच्या प्रार्थनांमुळे आत्मे यातनांतून सुटतात, म्हणून सैतानाचे दूत चडफडत असतात. यात्रेकरूने हा निरोप ओडिलोंना पोहोचवला. कथा म्हणून ती तशीच घ्यावी. मूळ मुद्दा "सर्व" या शब्दात आहे. तोपर्यंत मठ आपल्या सदस्यांसाठी, आपल्या दात्यांसाठी प्रार्थना करीत असत. ओडिलोंनी दार उघडले. ज्याचे नाव कुठेच लिहिलेले नाही, ज्याच्यासाठी मिस्सा सांगायला मागे कोणी उरले नाही, त्याचाही हा दिवस झाला.

आणि आज्ञेत आणखी एक कलम होते, जे आपण सहसा ऐकत नाही. त्या दिवशी गरिबांना बोलावून अन्न द्यायचे होते. ओडिलोंच्या हिशेबी घंटा, मिस्सा आणि जेवण मिळून तो दिवस पुरा होत होता.

तीस दिवसांचे ताट

क्लूनीत मठवासी मरणाला टेकला की त्याला राख पसरलेल्या जाड्याभरड्या कापडावर ठेवीत. लाकडी फळी वाजवली जाई. ती ऐकली की सगळे हातातले काम टाकून धावत येत आणि त्याच्याभोवती श्रद्धेचा अंगीकार म्हणत. एरवी हा मठ मौनाचा. रोजच्या गरजा हाताच्या खुणांनी सांगायच्या. पाव, मासळी, पुस्तक, प्रत्येकाची वेगळी खूण ठरलेली. अशा शांततेत त्या फळीचा आवाज कसा जात असेल, याची कल्पना करावी.

दफन झाल्यावर भोजनगृहात मेलेल्या बंधूचे ताट बंद होत नसे. पुढचे तीस दिवस त्याच्या वाट्याचे अन्न रोज काढले जाई आणि एका गरिबाला दिले जाई. वर्षश्राद्धाला, म्हणजे त्याच्या मृत्युदिनी, पुन्हा तसेच. मृत्यूच्या तारखेप्रमाणे नावे लिहिलेल्या वह्या होत्या, रोज त्यातली नावे वाचली जात. एकट्या एका वहीत हजारो नावे आहेत. नाव वाचायचे, प्रार्थना करायची आणि त्या नावाने कोणाचे तरी पोट भरायचे, असा हा क्रम.

वर्षे गेली तशी नावे वाढली आणि ताटेही. १२व्या शतकात पीटर द व्हेनरेबल म्हणजे पूज्य पीटर हे मठाधिपती असताना परिस्थिती अशी झाली की मेलेल्यांच्या वाट्याचे अन्न देता देता जिवंतांना पुरेना. शेवटी त्यांना मर्यादा घालावी लागली: मृतांच्या नावाने दिवसाला जास्तीत जास्त पन्नास ताटे. ही काटकसर होती हे खरे, पण हिशेब करून पाहा. काटकसर केल्यावरही वर्षाला अठरा हजारांवर ताटे होतात.

दोरीने मापलेले चर्च

आता चर्चकडे वळू. क्लूनीत एकापाठोपाठ एक तीन चर्च झाली. पहिले अगदी लहान. दुसरे संत मायोल यांच्या काळात बांधले गेले आणि ९८१ साली त्याचे पवित्रीकरण झाले. पुढच्या शंभर वर्षांत मठवासींची संख्या इतकी वाढली की त्यातही जागा पुरेना.

तिसऱ्या चर्चची गोष्ट स्वप्नापासून सुरू होते. गुन्झो नावाचे एक वृद्ध मठवासी अर्धांगाने अंथरुणाला खिळलेले होते. त्यांच्या स्वप्नात संत पेत्र, संत पौल आणि संत स्तेफन आले आणि त्यांनी दोऱ्या ताणून नव्या चर्चची लांबी-रुंदी जमिनीवर मापून दाखवली. मठाधिपती ह्यू यांना जाऊन हे सांग, असा निरोप दिला. गुन्झो उठून बसले आणि त्यांनी निरोप पोहोचवला, असे जुन्या चरित्रात लिहिले आहे. एका हस्तलिखितात या स्वप्नाचे सुंदर रंगीत चित्रही आहे, दोऱ्यांसकट.

संत ह्यू यांनी १०८८ साली काम सुरू केले. १०९५च्या ऑक्टोबरमध्ये पोप अर्बन दुसरे यांनी मुख्य वेदीचे पवित्रीकरण केले. ते स्वतः क्लूनीचेच जुने मठवासी. ११३० साली पोप इनोसंट दुसरे यांच्या हस्ते पूर्ण चर्चचे पवित्रीकरण झाले. मध्ये ११२५ला मोठ्या दालनाचे छत काही भागात कोसळले, ते पुन्हा बांधावे लागले. पुढचा प्रवेशमंडप पुरा व्हायला १३वे शतक उजाडले.

सगळे मिळून चर्चची लांबी १८७ मीटर. आपल्यापैकी अनेकांनी जुन्या गोव्याचे से कॅथेड्रल पाहिले आहे. आशियातल्या मोठ्या चर्चमध्ये त्याची गणना होते आणि त्याची लांबी सुमारे ७६ मीटर आहे. अशी दोन कॅथेड्रल एकापुढे एक ठेवावीत, आणि वर अर्धे. रोममध्ये संत पेत्राचे आजचे महामंदिर होईपर्यंत एवढे मोठे चर्च ख्रिस्ती जगात कुठेही नव्हते.

उंची साधारण ३० मीटर. मधल्या दालनाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन, म्हणजे एकूण पाच रांगांचे दालन. चर्चचा आराखडा क्रूसाचा असतो हे आपल्याला ठाऊक आहे. इथे क्रूसाला एकाऐवजी दोन आडवे हात होते, एक मोठा आणि एक लहान. वरचे छत लाकडाचे न करता दगडी कमानीचे केले होते. लाकडी छत मेणबत्तीच्या एका ठिणगीने पेटते, हे त्या काळी वारंवार होई. दगडी छताखाली स्तोत्रगायनाचा आवाजही घुमून भरून राहतो. कमानी वर किंचित टोकदार ठेवल्या होत्या. अर्धगोल कमानीपेक्षा टोकदार कमान भार अधिक सरळ खाली उतरवते, त्यामुळे भिंतींवरचा बाहेरचा दाब कमी होतो. पुढे गॉथिक चर्चमध्ये याच टोकदार कमानीने मोठी झेप घेतली.

वेदीच्या मागे अर्धगोलात फिरती वाट होती आणि त्या वाटेवर बाहेरच्या बाजूला पाच लहान चॅपेले. क्रूसाच्या हातांनाही अशी चॅपेले जोडलेली. इतकी चॅपेले कशाला? कारण मठवासींपैकी अनेक जण धर्मगुरू होते आणि मृतांसाठी रोज इतक्या मिस्सा मागितल्या जात की एका वेदीवर भागणे शक्य नव्हते. म्हणजे ती नावांची वही जशी वाढत गेली, तशीच दगडात या वेद्यांची रांग वाढली. चर्चच्या आकारावर मृतांच्या स्मरणाची छाप होती.

मुख्य वेदीभोवतीच्या खांबांचे कोरीव माथे वाचले आहेत. क्लूनीतल्याच मठाच्या जुन्या धान्यकोठारात ते आज पाहायला मिळतात. एकावर नंदनवनातल्या चार नद्या आहेत. दोघांवर गायनाचे आठ स्वरप्रकार माणसांच्या रूपात कोरले आहेत, काहींच्या हाती वाद्य. दिवसाचा मोठा भाग स्तोत्रे गाण्यात घालवणाऱ्या मठाने आपले गाणे असे दगडात ठेवले.

पैसा आणि टीका

एवढे बांधकाम भक्तीवर होत नाही, त्याला पैसा लागतो. मोठा वाटा स्पेनमधून आला. लेऑन आणि कॅस्टिलचा राजा आल्फोन्सो सहावा दर वर्षी २,००० सोन्याची नाणी क्लूनीला देण्यास बांधलेला होता. ते सोने त्याला मिळे स्पेनमधल्या मुसलमान राजांकडून घेतलेल्या खंडणीतून. नंतर तिथल्या लढाया वाढल्या, सोने अनियमित झाले आणि क्लूनी कर्जात बुडाली. पूज्य पीटर यांना मठाच्या शेतांचा हिशेब नव्याने लावावा लागला. विंचेस्टरचे बिशप हेन्री, जे पूर्वी क्लूनीचेच मठवासी होते, मदतीला धावले. पन्नास ताटांची मर्यादा याच ओढाताणीतली.

टीकाही झाली, आणि ती संताकडून. क्लेअरव्होचे संत बर्नार्ड हे सिस्टर्शियन मठवासी. साधी भिंत, साधा क्रूस, हाताने शेती, हा त्यांचा मार्ग. ११२५च्या सुमारास त्यांनी मठांच्या भपक्यावर कडक शब्दांत लिहिले. प्रचंड उंची, सोने, चित्रविचित्र कोरीवकाम यांवर खर्च होतो आणि गरीब दारात तसाच उभा राहतो, असा त्यांचा रोख होता. पूज्य पीटर यांनी उत्तरे दिली, पण वैर धरले नाही. पुढे ज्या पीटर अबेलार्ड या विद्वानाला बर्नार्ड यांनी दोषी ठरवायला लावले, त्याला थकलेल्या अवस्थेत आसरा दिला तो क्लूनीने. ११४२ साली अबेलार्ड क्लूनीच्याच एका मठात शांतपणे वारला.

या वादात कोणाची बाजू घ्यावी? मला दोन्हींकडे तथ्य दिसते. सुंदर चर्च गरिबाचेही असते. त्याच्या घरात नसलेली उंची आणि उजेड त्याला तिथे मिळतो. पण बर्नार्ड यांचा प्रश्न प्रत्येक धर्मग्रामाने आपल्या बांधकाम समितीच्या बैठकीत एकदा तरी मोठ्याने वाचावा, असेही वाटते.

दगडांचा बाजार

पुढची शतके क्लूनीला चांगली गेली नाहीत. १६व्या शतकापासून मठाधिपती बाहेरून नेमले जाऊ लागले. रिशल्यू आणि माझारँ हे फ्रान्सचे बलाढ्य मंत्री असलेले कार्डिनलसुद्धा क्लूनीचे मठाधिपती होते. नाव आणि उत्पन्न त्यांचे. विल्यमच्या दानपत्राने जे टाळायचे होते, नेमके तेच घडले. धर्मयुद्धांच्या काळात १५६२ साली मठ लुटला गेला.

मग फ्रेंच राज्यक्रांती आली. १७८९च्या उन्हाळ्यात आसपासच्या शेतकऱ्यांचा उठाव झाला आणि जमाव क्लूनीवरही चालून आला. शेकडो वर्षे ज्यांनी मठाला धान्याचा हिस्सा भरला, त्यांना तो मठ आपला वाटत नव्हता. त्याच वर्षी राष्ट्रीय सभेने चर्चची सगळी मालमत्ता राष्ट्राच्या ताब्यात घेण्याचा ठराव केला. त्या ठरावाची तारीख होती २ नोव्हेंबर. ज्या मठाने जगाला २ नोव्हेंबर दिला, त्याच्या अंताचा कागद त्याच दिवशी झाला.

१७९०ला मठवासींची व्रते कायद्याने रद्द झाली. १७९८ साली चर्च माकाँच्या व्यापाऱ्यांना विकले गेले आणि त्यांनी ते दगडांची खाण म्हणून वापरले. मुख्य दालनाच्या मधोमध रस्ता काढला. सुरुंग लावून मनोरे पाडले. गाडी-गाडीने दगड विकले. १८२३ पर्यंत हे चालले. नेपोलियनच्या काळात त्याच आवारात सरकारी घोड्यांची पागा उभी राहिली आणि तिच्या भिंतींत चर्चचे दगड आहेत.

आज उभा आहे तो क्रूसाच्या मोठ्या आडव्या हाताचा दक्षिणेकडचा भाग, त्यावरचा अष्टकोनी "पवित्र पाण्याचा मनोरा", एक लहान मनोरा आणि काही चॅपेले. बाकी काय कुठे होते, हे कळले ते केनेथ कोनंट या अमेरिकन वास्तुशास्त्रज्ञामुळे. १९२८ पासून पुढे वीसेक वर्षे त्यांनी तिथे उत्खनन केले, पाये मोजले आणि नाहीशा झालेल्या चर्चची चित्रे काढली. उरलेल्या त्या एका हाताखाली उभे राहून वर पाहिले की बाकीच्याचा अंदाज येतो, असे जाऊन आलेले लोक लिहितात.

जे उरले

क्लूनीच्या पश्चिमेला पन्नासेक किलोमीटरवर पारे-ल-मोनियाल हे गाव आहे. तिथला मठ क्लूनीचाच होता आणि १२व्या शतकात तिथे क्लूनीच्या नमुन्यावर चर्च बांधले गेले. लांबी मूळच्या एक तृतीयांशच, पण तीच टोकदार कमान, तीच वेदीमागची फिरती वाट. मोठे गेले, लहान राहिले. आणि याच गावातल्या कॉन्व्हेंटमध्ये १६७३ ते १६७५ या काळात संत मार्गारेट मेरी यांना प्रभूने आपल्या पवित्र हृदयाचे दर्शन दिले. आपल्या घरोघरी लागलेल्या येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीचे आणि पहिल्या शुक्रवारच्या भक्तीचे मूळ या गावात आहे.

क्लूनीच्या उत्तरेला दहाएक किलोमीटरवर तेझे हे खेडे आहे. १९४० साली बंधू रोजर तिथे आले, युद्धातून पळणाऱ्यांना आसरा दिला आणि पुढे कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट बंधूंचा एकत्र प्रार्थना करणारा संघ उभा राहिला. त्यांची छोटी, पुन्हा पुन्हा म्हणायची गीते आपल्याकडच्या तरुणांच्या प्रार्थनासभांतही गायली जातात. ज्या खोऱ्यात स्तोत्रगायन बंद पाडले गेले, त्याच्या शेजारीच ते पुन्हा सुरू झाले.

आणि उरला तो २ नोव्हेंबर. क्लूनीच्या मठांतून तो शेजारच्या धर्मप्रांतांत गेला, मग सगळ्या पाश्चिमात्य ख्रिस्तसभेत, आणि मिशनरी धर्मगुरूंबरोबर आपल्या किनाऱ्यावर. १९१५ साली, महायुद्धात लाखो तरुण मरत असताना, पोप बेनेडिक्ट पंधरावे यांनी प्रत्येक धर्मगुरूला त्या दिवशी तीन मिस्सा अर्पण करण्याची मुभा दिली. क्लूनीच्या लहान लहान वेद्यांची आठवण व्हावी अशीच ही गोष्ट.

आपल्या हाती आलेला अर्धा दिवस

पण आपल्यापर्यंत हा दिवस पुरा पोहोचला का? मला वाटते, अर्धाच पोहोचला. ओडिलोंच्या आज्ञेतली घंटा आली, मिस्सा आली, कबरीवरचे पवित्र पाणी आले. गरिबाचे ताट वाटेत कुठेतरी मागे राहिले. आपण संगमरवराचा खर्च वाढवला, फुलांचा वाढवला. मृतांच्या नावाने कोणाचे पोट भरले, हे मात्र आपल्या हिशेबात सहसा नसते.

आपल्या लोकांनी हे अगदीच विसरले, असेही नाही. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत लग्नाच्या आधी घरातल्या मृतांच्या आठवणीत गरिबांना बोलावून पानावर बसवण्याची चाल आहे. तिला "भिकाऱ्यांचें जेवण" म्हणतात. आता काही घरांत ते जेवण डब्यातून आश्रमात पाठवले जाते, काही घरांत बंदच झाले. ज्यांच्या घरी आजी अजून आहेत त्यांनी विचारून पाहावे, त्या जेवणाला काय काय रांधत आणि कोणाला पहिले वाढत. ही चाल क्लूनीहून आली असे मी म्हणत नाही. पण ओडिलोंनी ती पाहिली असती तर त्यांना ती लगेच ओळखीची वाटली असती.

आपल्यातल्या काही बंधुभगिनींच्या मंडळ्यांमध्ये मृतांसाठी प्रार्थना करीत नाहीत, त्यांच्याबद्दल देवाचे आभार मानतात. त्यांच्या श्रद्धेचा मला आदर आहे. ताटाच्या बाबतीत मात्र आपल्यात मतभेद असायचे कारण नाही. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या २५व्या अध्यायात प्रभू शेवटच्या न्यायाविषयी बोलतो, तिथे भुकेल्याला दिलेल्या अन्नाची चौकशी आहे. चर्चच्या लांबीची नाही.

म्हणून यंदासाठी एक साधी सूचना. दफनभूमीत जाताना प्रत्येक घराने आपल्या मृतांची नावे एका कागदावर लिहावीत. खाली एक ओळ मोकळी सोडावी, ज्यांचे नाव कोणीच लिहिणार नाही अशांसाठी. आणि नोव्हेंबरमध्ये एकदा तरी, त्या नावांपैकी एकाच्या वाट्याचे जेवण, घरी आपण जे जेवतो तेच, एखाद्या भुकेल्याला द्यावे. ज्यांच्या घरी गेल्या वर्षभरात कोणी गेले असेल, त्यांना तीस दिवस जमले तर उत्तम. नाही जमले तर एक दिवस. देताना त्या माणसाचे नाव मनात घ्यावे: हे आज आईच्या वाट्याचे, हे भावाच्या वाट्याचे.

हे प्रभू येशू, आमच्या सर्व मृतांना तुझ्या मेजावर जागा दे. ज्यांची नावे आम्हांला ठाऊक नाहीत, त्यांना तू नावाने ओळखतोस. त्यांच्या वाट्याचे जे आमच्या घरात उरले आहे, ते आमच्या हातून भुकेल्यापर्यंत पोहोचू दे. आमेन.